मैत्रिणीला जॉईन मी शिकवला आणि सिलेक्ट ती झाली!

पत्र:

ताई, मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका ऑनलाइन डेटा अॅनालिसिस स्कॉलरशिपच्या पहिल्या टप्प्यात माझा नंबर लागला होता. त्यात थोडं स्टॅटिस्टिक्स, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न म्हणजे क्वेरी विचारायची भाषा), पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकवतात आणि जे चांगलं करतील त्यांना पुढचा मोठा कोर्स फुकट. माझी मैत्रीणही होती सोबत. ती अडली की मला फोन करायची, एकदा तर जॉईन (दोन टेबलं एका समान कॉलमवरून जोडणं) केल्यावर तिच्या रो म्हणजे ओळी डबल झाल्या आणि रात्री बसून मीच शोधून काढलं की दुसऱ्या टेबलमध्ये कस्टमर आयडी रिपीट होतोय. शेवटी सिलेक्ट ती झाली, मी नाही. मेलमध्ये कारण काहीच नाही. परीक्षेमुळे माझे शेवटचे धडे अगदी मुदतीच्या रात्री संपले आणि ग्रुपमध्ये मी फारशी बोलायचे नाही, एवढं खरं. तिने स्टेटस टाकलं, "सगळं स्वतःच्या जोरावर". मी तिला म्यूट केलंय. बाबांनी नातेवाईकांना आधीच सांगून टाकलंय. दादाचं डिलिव्हरीचं काम आहे, तो म्हणतो मी पैसे भरतो, तोच कोर्स विकत घे, पैसे भरले की अभ्यास आपोआप होतो. घेऊ का? की हे माझ्यासाठी नाहीच?

– म्यूट करून बसलेली

ता. क. तो ग्रुप सोडू का?

ताईचं उत्तर:

अगं, चीड आली ते साहजिकच आहे, त्यासाठी स्वतःला खात बसू नकोस. तुझ्या जागी कोणीही असतं तरी म्यूटच केलं असतं.

पण आधी ते सिलेक्शन नेमकं कशाचं झालं ते बघू, कारण तू ते तुझ्या डोक्याचं मोजमाप समजून बसलीयेस. अशा प्रोग्रॅमला खूप म्हणजे खूपच लोक असतात, प्रत्येकाचा कोड उघडून कोणी माणूस वाचत बसेल हे शक्यच नसतं, मग बहुतेक ठिकाणी जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं, धडे किती झाले, कधी झाले, क्विझ किती सुटल्या, ग्रुपमध्ये किती जणांना उत्तरं दिली. आता तुझं बघ. धडे शेवटच्या रात्री, ग्रुपमध्ये गप्प, आणि जी काही मदत केलीस ती सगळी फोनवर! ती कोणाला दिसणार होती? तोच रो डबल होण्याचा किस्सा ग्रुपमध्ये चार ओळींत टाकला असतास तर अजून पन्नास जणांचं भलं झालं असतं आणि तुझं नावही दिसलं असतं. मुदत आधीपासून माहीत होती त्यामुळे तिथे प्रोग्रॅमवाल्यांना फार दोष देता येत नाही. मेलमध्ये एक ओळ कारण द्यायला काय जात होतं हे मात्र मलाही पटलेलं नाही. तू एकदा साध्या भाषेत विचारून बघ, आलं उत्तर तर आलं, त्याच्यावर बसून राहू नकोस.

आता "हे माझ्यासाठी नाहीच का" या प्रश्नाकडे येते. डेटाच्या कामासाठी मुलं घेताना मी मुलाखतींना बसलेली आहे म्हणून सांगते, तुझ्या अख्ख्या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मैत्रिणीच्या तक्रारीत घुसडून पुढे निघून गेलीस, ते कस्टमर आयडीचं. लेफ्ट जॉईनमध्ये डावीकडच्या टेबलमधल्या सगळ्या रो राहतात हे प्रत्येकाला पाठ असतं, आणि त्याच्यामुळेच लोकांना वाटतं की रो तेवढ्याच राहणार. पण उजवीकडच्या टेबलमध्ये तोच आयडी तीनदा असला की डावीकडची एक रो तीनदा येते, मग विक्रीची बेरीज केली की आकडा फुगतो आणि गंमत म्हणजे एरर येत नाही! क्वेरी आरामात चालते, उत्तर छान दिसतं, आणि चुकीचं असतं. नोकरीत मुरलेली माणसंसुद्धा असले रिपोर्ट साहेबाच्या टेबलावर ठेवून येतात. तुला मात्र दुसऱ्याच्या स्क्रीनवरचा आकडा खटकला, का खटकला हे शोधावंसं वाटलं आणि तू शोधलंसही. मी मुलाखतीत हाच प्रश्न विचारते, जॉईननंतर रो वाढल्या तर पहिल्यांदा काय बघाल, आणि सर्टिफिकेटांची चळत घेऊन आलेली मुलं तिथे गप्प होतात. काउंट स्टार आणि काउंट कॉलम यात फरक काय (स्टारवाला सगळ्या रो मोजतो, कॉलमवाला नल म्हणजे रिकाम्या जागा मोजत नाही) हे विचारलं की अजून काही जण गळतात. तेव्हा हे तुझ्यासाठी आहे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता तरी मिटला.

दादाचे पैसे. दादा जे म्हणतो ना, पैसे भरले की अभ्यास होतो, त्याला खरंच आकडेवारीचा आधार आहे असं वाटू शकतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आला होता, त्यात २०१७-१८ या वर्षात सगळे शिकणारे धरले तर कोर्स पूर्ण करणारे फक्त ३.१३ टक्के होते, आणि सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांमध्ये तेच ४६ टक्के. बघितलास फरक? दादाला हे सांगितलंस तर तो आत्ताच्या आत्ता पैसे भरेल. पण तू तर पहिल्या टप्प्यात शिकलीयेस की असा आकडा दिसला की आधी काय विचारायचं. पैसे भरणारे होते कोण? ज्यांचं आधीच ठरलं होतं की कोर्स संपवायचाच, बऱ्यापैकी तेच. म्हणजे पैशांमुळे अभ्यास झाला की अभ्यास करणाऱ्यांनीच पैसे भरले हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि तरीही पैसे भरलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक मध्येच सुटलेच की. आणि दुसरं, तू पहिला टप्पा परीक्षा सांभाळून, एक रुपया न भरता संपवलायस, म्हणजे त्या ३ टक्केवाल्या जातीतलीच तू आहेस. तुला पैशांची टोचणी कशाला हवी?

म्हणून माझं स्पष्ट मत, दादाचे पैसे घेऊ नकोस, दादाची एक्सेल घे.

डिलिव्हरीचं काम आहे म्हणजे कुठेतरी शीट असणारच, कधी माल निघाला, कधी पोचला, कोणी परत केला. ती माग त्याच्याकडे. पहिल्या टप्प्यात तू प्रोजेक्टला काय केलंस ते लिहिलं नाहीस पण माझा अंदाज टायटॅनिक, त्या बुडालेल्या जहाजावरच्या प्रवाशांची सरावाची फाइल, हो ना? ८९१ रोची फाइल, वयाच्या कॉलममध्ये १७७ जागा रिकाम्या, त्या मीडियनने (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) भरायच्या, मग बायका जास्त वाचल्या असा बार चार्ट. शिकायला ठीक आहे, पण ही फाइल इतक्या जणांच्या पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायला ठेवलेल्या कामात, असते की आम्ही आता ते पान बघतसुद्धा नाही. दादाची शीट जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि ती घाण असणार, हे लिहून ठेव! एकाच गिऱ्हाईकाचं नाव तीन स्पेलिंगने, कुठे नावाच्या शेवटी स्पेस, तारखेत ०५/०६ म्हणजे मे की जून हे फक्त दादालाच माहीत, अर्ध्या तारखा एक्सेलला तारखा वाटतात आणि अर्ध्या नुसता टेक्स्ट. कोर्समध्ये जे धुऊन पुसून देतात ते इथे तुला स्वतः करायचंय, आणि नोकरीत वेळ जातो तो याच्यातच. मग एकच प्रश्न धर, उशीर नेमका कुठे होतो. सरासरी काढशील तर एखादी आठवडाभर अडकलेली डिलिव्हरी सगळा आकडा वर ओढेल, तेव्हा मीडियन पण बघ, दोन्हीत अंतर का आलं ते दादाला त्याच्या भाषेत समजावून सांग. त्याला पटलं आणि त्याने कामात एखादी गोष्ट बदलली तर मुलाखतीत सांगायला याच्याइतकं दमदार काही नाही.

लागणारं सगळं फुकट आहे, पायथन, त्यातली डेटा हाताळायची लायब्ररी पँडास, एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस, सगळं. पँडासचं तर मूळच असं आहे, वेस मॅकिनीला स्वतःच्या नोकरीतल्या डेटासाठी नीट टूल हवं होतं म्हणून २००८ मध्ये त्याने ते लिहायला घेतलं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी मोकळं केलं. फक्त एक, गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची साइट) टाकण्याआधी गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते पूर्ण काढून टाक, नुसतं कॉलम हाइड करून चालत नाही, आणि दादाची परवानगी घे. हे सगळं फायनलची परीक्षा झाल्यावर हं, आत्ता नाही. त्यानंतरही मोठा कोर्स करावासा वाटलाच तर आधी फायनान्शियल एड मिळते का बघ, काही प्लॅटफॉर्मवर अर्ज करून फीत सूट मिळते, आणि पैसे भरायचे ते अगदी शेवटी.

बाबांचं फार ताणू नकोस. त्यांना सांग की पहिल्या टप्प्यासाठी निवड झाली होती, तो मी पूर्ण केला, पुढच्यासाठी नंबर नाही लागला. नातेवाईक दोन दिवस विचारतील आणि विसरतील. सीव्हीवर पण एवढंच लिहायचं, फाउंडेशन टप्पा पूर्ण, उगाच स्कॉलर वगैरे फुगवून लिहिलंस तर कोणीतरी खोदून विचारतंच.

राहिली मैत्रीण. इथे मी तुझ्या पूर्ण बाजूने नाही. तू शिकवलंस म्हणून तिची मेहनत खोटी ठरत नाही, धडे तिने वेळेत संपवले, ग्रुपमध्ये बोलली, कदाचित तुझ्याकडून कळलेलं दुसऱ्यांना समजावलंही असेल, आणि त्यात चोरी काही नाही. पण "सगळं स्वतःच्या जोरावर" हे खोटंच होतं आणि ते तुला लागलं हे तिला कळायला हवं. उलट स्टेटस टाकून टोमणे मारायच्या भानगडीत पडू नकोस, तिसऱ्याच लोकांची करमणूक होते. फोन कर आणि सरळ बोल, की तुझं झालं त्याचा आनंद आहे पण ते स्टेटस वाचून मला वाईट वाटलं, एवढ्या रात्री आपण एकत्र बसलो होतो. बस, पुढे भाषण नको. ती वरमली तर मैत्री आहे, अंगावर आली तर तेही कळलं. आणि एक आधीच ठरवून ठेव, पुढच्या टप्प्यात अडली की तिचा फोन येणार, येणारच. समजावून सांगायचं असेल तर सांग, मनापासून सांग, पण तिचा प्रोजेक्ट तू करून द्यायचा नाहीस, आणि परीक्षेच्या दिवसांत तर फोन उचलायचाही नाहीस.

ग्रुप लगेच सोडू नकोस. आधी तुझ्या उपयोगाची उत्तरं, क्वेरी, लिंका सगळं कॉपी करून स्वतःकडे ठेव, कारण असे ग्रुप प्रोग्रॅम संपला की बंद करतात, आणि स्लॅक या चॅट अॅपच्या फुकट प्लॅनवर असेल तर ९० दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसतच नाहीत. ते झालं की खुशाल सोड.