मृगाच्या आधी घर बघायला येशील तेव्हा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले रत्नागिरीतल्या तिन्ही घरांचे फोटो चष्मा लावून दोनदा बघितले. पहिलं मांडवीकडचं, वरच्या मजल्यावरचं, गॅलरीतून समुद्र दिसणारं. दुसरं नाचणे भागातलं, जुन्या बिल्डिंगमधलं, मधल्या मजल्यावर. तिसरं कुवारबावच्या पुढचं, तळमजल्याचं, भाडं सगळ्यात कमी. तुझा जीव पहिल्यावर जडलाय हे फोनवरच्या आवाजातून कळलं. तेव्हा मी "बघू" एवढंच म्हटलं, कारण सांगण्यासारखं इतकं होतं की फोनवर ते अर्धवट राहिलं असतं.

तू लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते तू बादली घेऊन रांगेत उभं राहून बघितलंयस. पाणी नसलं म्हणजे काय होतं हे तुला कुणी शिकवायला नको. इथे मात्र चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही सरळ न पडता आडवा येतो. समुद्रावरून वारा सुटला की पावसाची झड भिंतीवर पाण्याचा पाइप धरल्यासारखी आदळते. मीही घाटावरूनच आले होते, १९८८ साली, बँकेत लागून. म्हणून घर निवडताना माझं एकच मागणं आहे. फरशी, किचनचा ओटा, रंग हे सगळं नंतर बघ. आधी या घरात पाणी कुठून शिरेल आणि कुठून बाहेर जाईल ते बघ.

मांडवीच्या घराची गॅलरी आणि दोन्ही मोठ्या खिडक्या पश्चिमेला आहेत. आत्ता मे महिन्यात तिथे संध्याकाळी बसलीस तर उठावंसं वाटणार नाही. पण पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, आणि वरचा मजला म्हटल्यावर आडोसा काहीच नाही. जुलैत त्या खिडक्या दिवसच्या दिवस उघडता येणार नाहीत. शिवाय खारी हवा बारा महिने. गॅसची शेगडी, फ्रीजची मागची जाळी, पंख्याचे स्क्रू, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं गंजतं. तिथे राहणारी माणसंही आहेत आणि सुखाने राहतात, पण त्यांना त्या घराची सवय झालेली असते. पहिल्याच पावसाळ्यात, एकटी, नवी नोकरी सांभाळून, तू ते करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

कुवारबावच्या घराबद्दल मी शेजारच्या दुकानदाराला विचारलं. मागून पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, जातो. आत्ता तो कोरडा आहे, म्हणून फोटोत नुसती दगडांची ओळ दिसते. मालकाला विचारण्याऐवजी तिथल्या जुन्या माणसाला विचार की पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं. हा प्रश्न कोकणात कुठेही तळमजल्याचं घर घेताना विचारायचाच. उद्या तुझी बदली चिपळूणला झाली तर तिथे २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांचं विचार. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते तिथला प्रत्येक माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

राहिलं नाचण्यातलं घर. फोटोत ते सगळ्यात साधं दिसतं. पण खिडक्या पूर्वेला आणि उत्तरेला आहेत, वर एक मजला आहे, आणि पश्चिमेला दुसरी बिल्डिंग उभी असल्याने झड तिच्यावर जाते. माझा कौल याला. फक्त बघायला येशील तेव्हा काही गोष्टी हात लावून बघ.

भिंतीला तळवा लाव. मे महिन्यात भिंत गार लागली, किंवा रंगाखाली पापुद्रा सुटलेला असला, तर तिथे पाणी मुरतंय. एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला तर का दिला ते विचार. कपाट सरकवून मागे बघ. सगळे नळ एकदम सोडून बाथरूमच्या जाळीतून पाणी किती वेळात जातं ते बघ. पाणी चाखूनही बघ. समुद्राजवळच्या विहिरी मेअखेरीला मचूळ होतात आणि उन्हाळ्यात नगरपरिषदेचं पाणी दिवसाआड होतं, तेव्हा टाकी किती लिटरची आणि विहीर आहे का, हेही विचारून घे.

आणि वरच्या घरात कोण राहतं ते विचार. हे विचारायचं कुणाला सुचत नाही. इथे पुष्कळ फ्लॅट मुंबईच्या चाकरमान्यांचे आहेत, गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. मी पाच वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, त्या काळातली गोष्ट सांगते. आमच्या वरचं कुटुंब मेअखेरीला मुंबईला निघालं त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. सिंकमधला नळ सोडून बघितला गेला आणि तसाच उघडा राहिला, खाली जाळीवर ताटली पडलेली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. रात्री आमच्या हॉलच्या स्लॅबमधून पंख्याच्या रॉडवरून धार लागली. मेन स्विच बंद करून आम्ही अंधारात बादल्या लावत बसलो. किल्ली रत्नागिरीत कुणाकडेच नव्हती. लांज्याहून त्यांचा भाचा किल्ली घेऊन आला तोवर दुपार झाली होती. त्यानंतर आम्ही ठराव केला की घर बंद करताना मेन कॉक बंद करायचा आणि एक किल्ली गावातच कुणाकडे तरी ठेवायची. तुझ्या वरचं घर बंद असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते नाव आणि नंबर पहिल्याच आठवड्यात लिहून घे. आणि तू दिवाळीला लातूरला जाशील तेव्हा तुझाही कॉक बंद करून जा.

आता कराराचं. मालक चांगला वाटतो, एजंट म्हणतो "कशाला नोंदणी, साध्या स्टॅम्पपेपरवर करू", हे ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. आता ती ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. खर्चही फार नाही. समज, भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे अडीचशे रुपयांच्या घरात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे, ते आधी ठरवून घे. पोलिस स्टेशनला भाडेकरूची माहिती मालकाने दिली का, तेही विचार. बिल्डिंगची सोसायटी असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, मालकाने भरायचे असतात. ते तुझ्या माथी येत असतील तर करार करण्याआधीच बोल.

करारात एक ओळ तू आवर्जून घाल. पावसामुळे भिंतीला ओल किंवा बुरशी आली तर तो खर्च डिपॉझिटमधून कापला जाणार नाही. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात हॉलची पश्चिमेची भिंत ऑगस्टपर्यंत काळी पडली. घर सोडताना मालकांनी "तुम्ही खिडकी उघडी ठेवलीत" म्हणून सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं, १,५०० रुपये, तेव्हाच्या माझ्या पगारातला मोठा हिस्सा. माझ्याकडे ना कागद होता, ना आत शिरतानाचा एखादा फोटो. भिंत बाहेरून भेगाळलेली होती हे मी दाखवत राहिले, ते ऐकत नव्हते. तो दिवस मी अजून विसरलेले नाही, म्हणून तुला सांगते. सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्याचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला पाठव. भांडणासाठी नव्हे. दोघांनाही एकच गोष्ट दिसलेली असली की बोलणं सोपं जातं.

घरात शिरल्यावर मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, एक काम कर. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पट्टीत साठलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. वर्षभराची धूळ, मेलेले किडे आणि रंगाचे थेंब यांनी ती बुजलेली असतात. मग पहिल्या मोठ्या पावसात पट्टी भरते आणि पाणी आतल्या भिंतीवरून गादीपर्यंत येतं. लोक खिडकीला दोष देतात, सिलिकॉन भरतात, कधी कधी ती भोकंच बुजवून टाकतात. खराट्याची काडी घे, भोकं मोकळी कर, पेलाभर पाणी पट्टीत ओतून ते बाहेर पडतंय का बघ.

टेरेसचंही तसंच. टेरेसवरच्या पन्हाळीच्या तोंडाशी आंब्याची पानं अडकतात. पत्र्याची शेड असेल तर तिचे बोल्ट कुणी आवळलेत का ते कमिटीला विचार. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे पत्रे कागदासारखे उडाले होते, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. भाडेकरूने कशाला विचारायचं असं मनात आणू नकोस. छत तुझ्या डोक्यावरही आहे.

विजेच्या बाबतीत मात्र हयगय नको. ओल्या भिंती आणि खारी हवा म्हटल्यावर घरात आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, ३० मिलिअँपिअरचा. नसेल तर मालकाला बसवायला सांग, अर्धे पैसे द्यावे लागले तरी दे. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल तर तिच्यापासून कुठलीही वीजवाहिनी हातभर लांबच हवी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार होतात, तेव्हा राउटर आणि टीव्हीचा प्लग काढून ठेव. महावितरणचा १९१२ आणि गॅसगळतीचा १९०६ हे दोन्ही नंबर फ्रीजवर चिकटव. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघ, पाच वर्षं उलटली असतील तर नळी बदल.

कपडे हा इथला रोजचा त्रास. रविवारपर्यंत साठवलेस तर चार दिवस वाळणार नाहीत आणि वासही जाणार नाही. रोज थोडे धू, नीट पिळ, आणि सगळ्या घरात न पसरवता एकाच खोलीत, पंख्याखाली, झड नसलेल्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवून वाळत घाल. नाहीतर सगळ्या घराच्या भिंती ते पाणी पितात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत इथे अजून दिसते, तू ते करू नकोस, कपड्यांना आग लागते. ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात त्या ठेव आणि त्यात पाणी साठलं की ओतून टाक. सर्टिफिकेटं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. काळी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नकोस, ती उडून छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस. आणि श्रावणात उघडीप मिळाली की त्या दोन तासांत सगळी कपाटं, गादी, चपलांचं कपाट उघडून टाक. इथल्या बायका उन्हाची तिरीप आली की हातातलं काम टाकून उठतात ते उगाच नाही.

पुढे कधी तू इथे स्वतःचं घर घेशील असं मला वाटतं, म्हणून एवढं आणखी. स्लॅबच्या खालून, गॅलरीच्या कडेला तांबडे ओघळ दिसले तर हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकून बघ. आवाज पोकळ आला तर आत सळई गंजलीय. हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि काँक्रीट आतून फुटतं. आमच्या सोसायटीत असे ओघळ दिसत असताना कमिटीने दुरुस्तीचा खर्च वाचवून बाहेरून नुसता रंग दिला. मी तेव्हा विरोध केला, पण पुरेसा जोर लावला नाही. दोन पावसाळ्यांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीचा तुकडा पहाटे खाली पडला. खाली रोज सकाळी मुलं स्कूलबसची वाट बघत उभी असतात. त्या दिवशी रविवार होता.

तेव्हा भाड्याचं असो की विकतचं, असे ओघळ दिसले की गप्प बसू नकोस.

तू २८ तारखेला पोचतेयस ना? मी मारुती मंदिरच्या स्टॉपवर थांबते. आधी नाचण्याला जाऊ, मग तुझ्या समाधानासाठी मांडवीलाही जाऊ. येताना जुना टूथब्रश आण, काड्या माझ्याकडे आहेत.

तुझी,
मावशी