स्वस्त कोटेशनमधील ‘भारतीय बनावटीचे’ पॅनेल

धायरीच्या आपल्या बंगल्यासाठी आलेल्या दोन्ही कोटेशनांत ५५० वॅटचे सहा सौर पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असताना एक कोटेशन पंचवीस हजारांनी स्वस्त कसे, हा आपला प्रश्न वाचला आणि स्वस्त कोटेशनमधील ‘भारतीय बनावटीचे पॅनेल’ या शब्दांशी थांबलो. २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या कोटेशनवरही नेमके हेच शब्द होते आणि त्यापायी माझे ७८,००० रुपयांचे अनुदान गेले.

पॅनेल भारतात जोडलेले असणे आणि त्यातील सेल, म्हणजे उन्हापासून प्रत्यक्ष वीज तयार करणाऱ्या चकत्या, भारतात तयार झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएम सूर्यघर या घरगुती छतावरील सौर संचांसाठीच्या केंद्राच्या योजनेच्या अनुदानासाठी दोन्ही लागतात आणि अशा पॅनेलना या धंद्यात ‘डीसीआर’ म्हणतात. माझ्या विक्रेत्याने केंद्राच्या मंजूर यादीतील, म्हणजे ‘एएलएमएम’मधील, पॅनेलचे नाव मला मोबाइलवर दाखवले आणि मी निश्चिंत झालो. त्या यादीत मॉडेल असायला हवेच, पण बाहेरून आणलेले सेल येथे जोडून केलेले पॅनेलही त्या यादीत होते, हे मला ठाऊक नव्हते. डीसीआर पॅनेल महाग पडतात, त्यामुळे आपल्याला दिसणारा फरक बहुधा त्याचाच असावा. अर्थात आपली कोटेशने मी पाहिलेली नाहीत, तेव्हा हा माझा अंदाज समजावा.

घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे नेट मीटर बसल्यावर अनुदानाचे प्रकरण अडले तेव्हा मी गच्चीवर पॅनेलखाली उताणा पडून, टॉर्चच्या उजेडात, मागच्या लेबलांवरील अनुक्रमांक एकेक करून वहीत उतरवून घेतले. ती वही घेऊन एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा विक्रेत्याकडे जा म्हणाले, दुसऱ्यांदा ‘सगळे योजनेच्या पोर्टलवर असते’ असे उत्तर मिळाले आणि तिसऱ्यांदा खिडकीतून मान वर न करता विचारले गेले, “वीज तयार होतेय ना? मग झालं की!” वीज आजही उत्तम तयार होते, दिवसाला सरासरी बारा युनिट, पण मी वीज होत नसल्याची तक्रार घेऊन गेलोच नव्हतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि वॅट यांच्यासोबत ‘डीसीआर’ हा शब्द लिहून घ्यावा, आणि पॅनेल घरी उतरल्यावर, ते स्ट्रक्चरवर चढण्याआधी, त्यांचे अनुक्रमांक डीसीआर प्रमाणपत्रातील अनुक्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. एकदा क्लॅम्प आवळले गेले की मागचे लेबल वाचणे किती अवघड असते, हे मी सांगितलेच आहे. जो विक्रेता हे लिहून द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून मी तरी फुकटातही काम करून घेणार नाही. मी केवळ एक पोळलेला ग्राहक आहे, त्यामुळे अर्जापूर्वी पोर्टलवरील चालू नियम एकदा वाचून घ्यावेत.

वॅटचा हिशेबही समजून घ्यावा. सहा पॅनेलचे ३.३ किलोवॅट होतात, पण अनुदानासाठी पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी ती धरतात, म्हणजे आपली ३ किलोवॅट. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० होतात, आणि तीच कमाल मर्यादा असल्याने ‘४ किलोवॅट घ्या, अनुदान वाढेल’ असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. विजेचा वापर तेवढा असेल तर जरूर घ्यावे, अनुदानासाठी घेऊ नये.

आपल्या शेजाऱ्यांच्या ३.३ किलोवॅटच्या संचावर एप्रिलच्या भर दुपारी २.६ किलोवॅटच दिसले, असे आपण म्हणता, पण म्हणून पॅनेल खोटे ठरवण्याचेही कारण नाही. लेबलवरील वॅट सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. पुण्याच्या उन्हाळ्यात सेल साठ अंशांपुढे सहज जातात आणि वाढत्या प्रत्येक अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का उत्पादन घटते. उरलेली घट धूळ आणि वायरिंग यांच्या खाती जाते. पॅनेलवर पडणारी पाण्याच्या टाकीची सावली मात्र पाहून ठेवावी, आणि तीही डिसेंबरातली, कारण तेव्हा ती सर्वांत लांब पडते.

वीजबिल अजून वडिलांच्या नावावर असेल, तर ते नाव बदलण्याचे काम अर्जाच्या आधी उरकावे. अनुदान बिलावरील ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते.