मेडिकल कॉलेजने गाव दत्तक घेतलं तर गावाला नक्की काय मिळतं?

तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात, जवळच्या मेडिकल कॉलेजचं पत्र आलंय. पहिल्या वर्षाची मुलं गावात येणार, कोणत्या घरांच्या तब्येतीची पाहणी कोणी करायची ते वाटून घेणार, त्याला ग्रामपंचायतीने होकार द्यावा. यात गावाचा फायदा किती आणि मुलांच्या लॉगबुकची, म्हणजे अभ्यासाच्या नोंदवहीची, सोय किती, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही असतं. जास्त कुठलं होणार, ते मुलांवर कमी आणि त्यांच्यामागच्या रुग्णालयावर जास्त अवलंबून असतं. मी सेवाग्रामला एमबीबीएस केलं आणि आता दुसऱ्या एका कॉलेजात पीएसएम, म्हणजे हल्लीच्या भाषेत कम्युनिटी मेडिसिन, अख्ख्या समाजाच्या आरोग्याचा विषय, शिकवते. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

तुम्हाला आलेलं पत्र हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमामुळे आलंय. 2021-22 च्या बॅचपासून देशभरात कुटुंब दत्तक योजना लागू झाली, एकेका विद्यार्थ्याकडे पाचेक कुटुंबं. सेवाग्रामला हे दशकानुदशकं चालत आलंय. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी ते कॉलेज सुरू केलं. 'नीट' ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा येण्याआधी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचाराचा वेगळा पेपर असायचा. तो पाठ करूनच आम्ही आत शिरलो, हेही खरं. पण पहिल्या वर्षी सगळी बॅच एका गावात 15 दिवस मुक्कामाला जायची आणि पुढे दर महिन्याला त्याच घरांत परत जायची, तेव्हा पाठांतराचा काही उपयोग नसायचा.

माझ्या वाट्याच्या एका घरी आहाराची पाहणी करताना मी छापील प्रश्न विचारला, महिन्याला तेल किती लागतं? बाई म्हणाली, "कसं सांगू जी, असलं तर टाकतो, नसलं तर नाई." फॉर्मवर फक्त आकडा लिहायला जागा होती. बरोबरच्या सरांनी फॉर्म बाजूला ठेवायला लावला आणि किराणा कुठून आणता, मजुरी कधी मिळते, असं विचारायला लावलं. मजुरी आठवड्याची, त्यामुळे तेलही आठवड्याचं, सुटं. त्या बाईंचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास होतं, म्हणजे रक्त बरंच कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्या संपतात कधी आणि घेतल्या जातात का, हे पुढच्या महिन्यात त्याच दारात उभं राहिल्यावरच कळतं. पाहणी एकदाच करून निघून जाणाऱ्या कॉलेजला ते कधीच कळत नाही.

आता रुग्णालयाचं. सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवरची आरोग्य विमा योजना उभी केली. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जास्त जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव योजनेत. बदल्यात अचानक आजारी पडून कॉलेजच्या कस्तुरबा रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर पैसे नाहीत, आणि हर्नियासारखं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर खर्चाचा काही भाग भरायचा. सगळी गोम इथे आहे. ज्वारी दिलेला माणूस वॉर्डात हक्काने भांडतो. फुकट शिबिराला आलेला माणूस भांडत नाही, मिळेल ती गोळी घेऊन घरी जातो.

संशोधनाबद्दल गावात संशय असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. गावातल्या पाहणीवर प्रबंध होतात, पदव्या मिळतात, गावाला निष्कर्षाचा कागदही दिसत नाही. शिवाय पाहणी कायम गावकऱ्यांचीच का? 2005 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सेवाग्रामचा एक अभ्यास आला. त्यात तपासले गेले ते तिथलेच 726 आरोग्य कर्मचारी, त्यांत शिकाऊ डॉक्टर आणि नर्सेसही होत्या. जवळपास निम्म्यांच्या शरीरात टीबीचा सुप्त संसर्ग सापडला, म्हणजे जंतू अंगात, पण आजार नाही. स्वतःच्या वॉर्डाकडे अशी नजर टाकणाऱ्या संस्थेला गावात प्रश्न विचारायचा अधिकार जरा जास्त आहे, असं माझं मत.

तेव्हा होकार द्या, पण आधी लेखी उत्तरं मागा. पाहणीत रक्त कमी निघालेली बाई किंवा सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) संशय असलेलं पोर कुठे पाठवायचं, तिथे कोणाला भेटायचं, केसपेपर आणि तपासण्यांचे पैसे कोण भरणार? मुलांबरोबर दर वेळी कोणते शिक्षक येणार? (नाव मागा. "विभागातील कोणीतरी" म्हणजे कोणीच नाही.) वर्षाच्या शेवटी गावाचे आकडे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवणार का? घरोघरची नावं आणि आजार मात्र ग्रामपंचायतीने मागू नयेत, ती खासगी माहिती आहे. आशाताईंना पहिल्याच बैठकीला बोलवा. कोणत्या घरी कधी माणूस भेटतो हे त्यांनाच माहीत असतं, आणि त्यांना डावललं की मुलं दुपारी बारा वाजता कुलपं मोजत फिरतात.

मुक्कामी शिबिर घेणार असतील आणि शाळेच्या खोल्या द्यायच्या असतील, तर मुलींसाठी संडास आणि न्हाणीघरात पाणी येतंय का, ते आधी बघून घ्या. एवढ्यावरून दुसऱ्या दिवशी गुंडाळलेलं शिबिर मी पाहिलंय.