चेहरा दिवसातून किती वेळा धुवायचा?

"मॅडम, हा सारखा तोंड धुतो. तरी याचे बाबा म्हणतात, नीट धूत नाही म्हणून पिंपल्स येतात."

मी समुपदेशक. सतरा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आलेल्या आईची खरी तक्रार वेगळीच होती. तो कॉलेज बुडवत होता, फोटोत उभा राहत नव्हता आणि बाथरूमचं दार तासन्‌तास लावून घेत होता. मोबाइलचं व्यसन लागलंय, असं त्यांना वाटत होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत तो जेमतेम बोलला. दुसऱ्या भेटीत हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी साबण, मग खरखरीत स्क्रब, कॉलेजमध्ये दर दोन तासांनी फेसवॉश, रात्री पुटकुळ्यांवर टूथपेस्ट. शिवाय मित्राने सुचवलेली एक क्रीम, जी लावल्यावर सुरुवातीला चेहरा एकदम साफ दिसला आणि थांबवल्यावर दुप्पट फुलला. आणि बाथरूममध्ये? मोबाइलचा टॉर्च लावून, आरशाला नाक टेकवून, रक्त येईपर्यंत ब्लॅकहेड्स दाबणं. "घाण आत राहिली तर अजून येतील ना," तो म्हणाला.

मी कागदावर केसाचं मूळ काढलं, त्याच्या बाजूला तेलग्रंथी. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्समुळे ही ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच सुमारास छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी चिकटून राहतात आणि तोंड बंद होतं. सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे जिवाणू त्या कोंडलेल्या तेलात वाढतात आणि सूज येते. हे सारं पृष्ठभागाच्या खाली चालतं, साबण तिथवर पोचतच नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नसतो. छिद्राचं तोंड उघडं राहिल्यामुळे आतल्या मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा, आणि तेलाचा हवेशी संबंध येतो, म्हणून ते काळं दिसतं.

तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. मग विचारलं, "म्हणजे मी घाणेरडा नाही?"

या प्रश्नासाठीच तो आला होता, असं मला वाटतं. चेहरा वाईट दिसतो यापेक्षा, लोक आपल्याला अस्वच्छ समजतात, हे त्याला जास्त खात होतं. म्हणून तो घासत होता. घासल्याने त्वचेचं संरक्षक आवरण बिघडून ती कोरडी आणि लाल होत होती, आणि लाल चेहरा बघून तो अजून घासत होता. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा, हातानेच, आणि घाम आला तर आणखी एकदा, एवढं धुणं पुरतं. स्क्रब बंद. टूथपेस्ट दातांसाठी असते, चेहऱ्यावर तिने आग होते. मॉइश्चरायझर सुचवल्यावर तो चक्क हसला. तेलकट त्वचेलाही ते लागतं, विशेषतः औषधाने कोरडेपणा येतो तेव्हा. फक्त छिद्रं न बुजवणारं हवं, ट्यूबवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं.

ती क्रीम मी त्याला आणायला सांगितली. ट्यूबवर बीटामेथासोन लिहिलं होतं, म्हणजे स्टेरॉइड. त्याने लाली तात्पुरती दबते, पण सारखं वापरलं तर त्वचा पातळ होते आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुटकुळ्या येतात. त्वचेवर उपचार करणं समुपदेशकाचं काम नाही. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

उठता उठता त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि मॅडम, हस्तमैथुनामुळे होतं का?" अजिबात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वयात सुरू होतात, त्यामुळे मुलं त्यांचा संबंध जोडतात. हा प्रश्न कित्येक मुलांच्या मनात असतो आणि तो नेहमी असाच, दाराशी पोचल्यावर येतो.

मीही त्याला एक प्रश्न थेट विचारला होता: जगणं नको असं वाटतं का? "कधीकधी वाटतं, पण तसं काही करणार नाही," म्हणाला. त्यावर आम्ही सविस्तर बोललो, आणि त्याच्या परवानगीने आईवडिलांनाही सांगितलं. पुटकुळ्या चार असोत की चाळीस, आतल्या त्रासाचा अंदाज त्यावरून येत नाही.

वडील एका भेटीला आले. "वयाबरोबर आपोआप जातं, आमच्या वेळी कोण डॉक्टरकडे जायचं," त्यांनी सुरुवातच अशी केली. त्यांच्या स्वतःच्या गालांवर जुने खड्डे होते. पिंपल्स जातात, पण खोल व्रण राहतात, म्हणून लवकर उपचार बरे, असं मी सांगितलं. आणि अशा त्वचेचा कल बऱ्याचदा घराण्यातून येतो, हेही. ते जरा थांबून म्हणाले, "म्हणजे माझ्याकडूनच आलं की हे." त्यानंतर धुण्यावरून टोमणे बंद झाले. जेवणावरून होणारे वादही मी थांबवायला सांगितले. खाल्लेलं तेल सरळ चेहऱ्यावर येत नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे, पण तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही.

डॉक्टरांनी लावायला दोन औषधं दिली: रात्री छिद्रं मोकळी ठेवणारं ॲडापलीन आणि सकाळी जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड. सुरुवातीला त्वचा सोलली, पुटकुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटल्या आणि तो औषध सोडायला निघाला. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात, हे आधीच बोलून ठेवलं होतं, म्हणून टिकला. दाबण्याची सवय मोडणं जास्त चिवट निघालं. कधी हात जातो याची नोंद ठेवल्यावर कळलं, परीक्षेच्या आधी आणि रात्री उशिरा. मग नखं बारीक कापणं, आरशापुढे टॉर्च न्यायचा नाही, फारच हात शिवशिवले तर त्या जागी पिंपल पॅच, म्हणजे पुटकुळीवर चिकटवायची छोटी पट्टी.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. चेहरा नीट झाल्यावर कॉलेजला जाईन, ही त्याची अट मी मान्य केली नाही. आठवड्यातून दोन तास, मग चार, असं तो फुटकुळ्यांसकटच जाऊ लागला. चेहऱ्यात फरक पडला तो त्यानंतर.

काही महिन्यांनी आईचा फोन आला. पुटकुळ्या कमी झाल्यात, पण काळपट डाग आहेत, आता डॉक्टरांनी दिलेली क्रीम बंद करू का? ते डाग म्हणजे नवे पिंपल्स नव्हेत. ते फिके व्हायला महिने जातात आणि उन्हाने गडद होतात, म्हणून सनस्क्रीन रोज. क्रीम मात्र डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवायची, कारण चेहरा साफ दिसत असतानाही नवी छिद्रं आतून बंद होत असतात.