‘बाबाले येऊ दे’ हे आधी बंद करा

पत्र : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. मुलगी तीन वर्षांची. मुलगा ऐकत नाही म्हणून मी थापडा मारते, हे वावरातून आले की तुराटीनं मारतात. आता तो बहिणीलाही तसंच मारतो, खोटं बोलतो आणि बाबाची गाडी वाजली की कोठ्यात जाऊन लपतो. सासूबाई म्हणतात, “मार खाल्ल्याबिगर लेकरू सुदरत नाही.” हे म्हणतात, “आमी नाई का मार खाल्ला? काय झालं आमाले?” मोबाईलवर कोणी सांगतं मारूच नका, कोणी म्हणतं एखादी चापट चालते. खरं काय? आणि मारायचं नाही तर करायचं काय?
– एक आई

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर उरकते, कारण तुमची खरी अडचण दुसऱ्यात आहे.

जाणकारांत वाद आहे, पण तो तुराटीवरून नाही. काठी, तोंडात मारणं, डोक्यात किंवा कानाखाली मारणं याची बाजू यातलं कोणीच घेत नाही. कानावर बसलेल्या एका थापडेनं पडदा फाटू शकतो. वाद आहे तो दोन ते सहा वर्षांच्या मुलाला, आधी बजावून, राग डोक्यात नसताना, ढुंगणावर उघड्या हातानं दिलेल्या चापटीवरून. अमेरिकेतले रॉबर्ट लार्झेलेरे यांच्यासारखे संशोधक म्हणतात की द्वाड मुलांनाच मुळात जास्त मार बसतो, तेव्हा पुढच्या वागण्याचं सगळं खापर मारावर फोडू नका. आक्षेप रास्त आहे. पण एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास, म्हणजे जवळपास १,६०,००० मुलांची माहिती एकत्र तपासली. चापटी खाणाऱ्या मुलांत मारकुटेपणा आणि उलटून वागणं जास्त दिसलं. चापटीमुळे मुलं अधिक ऐकू लागतात, असं मात्र दिसलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये पालकांना मारू नका असंच सांगितलं. स्वीडननं तर १९७९ मध्येच घरातल्या मारावरही बंदी घातली. आपल्याकडे शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. घरातल्या चापटीवर तशी सरसकट बंदी नाही, पण लेकराला क्रूरपणे वागवणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा ठरू शकतो.

माझं मत विचाराल तर ती ‘चालणारी चापट’ फक्त कागदावर असते. घरात हात उठतो तो रागातच, आणि राग शांत होईपर्यंत थांबलेल्या माणसाला मारायची गरजच उरत नाही.

मार लागू पडल्यासारखा वाटतो, कारण रडणं किंवा खोडी त्या घडीला थांबते. दुसऱ्या दिवशी तीच खोडी पुन्हा होते आणि कालच्यापेक्षा जोरात मारावं लागतं. मुलगा शिकतो ते एवढंच, की पकडलं जायचं नाही. म्हणून खोटं, म्हणून कोठ्यात लपणं. आणि लहानग्यानं ऐकलं नाही की मारायचं असतं, हे तो घरात रोज बघतो. ते बहिणीवर उतरतं.

आता कामाचं. आठ दिवस मारणं थांबवता आलं नाही तरी चालेल, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळी किती वाजले होते आणि कशावरून झालं, एवढं लिहा. बहुतेक घरांत दिवेलागण ते जेवण या दोन तासांत गर्दी होते. लेकरू भुकेलेलं, तुम्ही चुलीपाशी, मोबाईल कोणाचा यावरून ओढाताण. त्यात हरभऱ्याच्या ओलिताला वीज रात्रीची असेल, तर तुमच्या घरधन्याची झोपही अर्धवट. अशा वेळी शिस्त लावायला जाऊ नका, आधी वेळ बदला. मुलाला साडेपाच-सहालाच भाकर-दूध नाहीतर मूठभर फुटाणे द्या. बरीच भांडणं तिथंच मिटतात.

सांगण्याची पद्धत बदला. चुलीपासून ओरडून “अभ्यास कर, पसारा उचल, तिले छळू नको” अशा तीन आज्ञा एकदम दिल्या तर सहा वर्षांचं पोर एकही करत नाही. हातभर अंतरावर जा, खाली बसा, नाव घ्या आणि एकच काम सांगा, तेही काय करायचं ते: “दप्तर खुंटीला लाव.” मग मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. इथंच बहुतेकांचं चुकतं. दोन सेकंदांत आपण पुन्हा बोलतो. नाही केलं तर एकदाच पुन्हा सांगा, मग हात धरून त्याच्याकडून करून घ्या. केल्याबरोबर म्हणा, “दप्तर लावलंस, बरं केलंस.” नुसतं ‘शहाणा’ म्हटल्यानं कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

शिक्षा द्यायचीच तर ताबडतोब, छोटी आणि त्या चुकीशी जुळणारी. दूध सांडलं तर फडक्यानं तोच पुसेल. मोबाईल फेकला तर त्या संध्याकाळपुरता मोबाईल कपाटात. आठवडाभर बंद म्हटलं तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच द्याल.

बहिणीला मारलं की आधी तिला उचला, त्याच्याकडे पाहू नका. मग त्याला ओसरीत, तुमच्या नजरेसमोर एका जागी बसवा. वयाच्या वर्षाला एक मिनिट, म्हणजे त्याला सहा मिनिटं. त्या वेळात बोलणं नाही, दटावणं नाही. अंधाऱ्या खोलीत किंवा कोठ्यात कोंडायचं तर मुळीच नाही, ती मारापेक्षा बरी शिक्षा नव्हे. सहा मिनिटं झाली की लांबलचक प्रवचन न देता पुन्हा खेळात घ्या. हे फसतं ते एका बिस्किटानं. आजीला पाझर फुटतो आणि ती पुडा काढते. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: “सहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग तुम्हीच त्याले जवळ घ्या.” त्यांना काम दिलं की विरोध निम्मा होतो.

पहिल्या आठवड्यात तो जास्त आरडाओरड करेल. आधी दहा मिनिटं रडून मोबाईल मिळायचा, आता मिळत नाही म्हणून अर्धा तास रडून पाहील. अर्ध्या तासानं दिलात तर अर्धा तास रडायचं असतं हे पक्कं होईल.

खोटं बोलण्यावर सोपा उपाय आहे. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे तो प्रश्न विचारू नका. “कोणं सांडवलं?” ऐवजी “दूध सांडलंय, फडकं आण.” खोटं बोलायला जागाच राहत नाही.

विहीर, बैल, फवारणीचं औषध इथं चापट मारावीच लागते, असं वाटेल. तीन वर्षांच्या मुलीला चापटीचा आणि विहिरीचा संबंध कळत नाही. घट्ट धरा, तिथून उचलून न्या, खालच्या आवाजात “विहिरीजवळ नाही” म्हणा. औषधाचे डबे कुलपात, उंचावर ठेवा, रिकामा डबाही घरात नको. हे काम मोठ्यांचं आहे, लेकराच्या समजुतीवर सोडायचं नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या हातून होते, ती सांगायलाच हवी. “थांब, तुह्या बाबाले येऊ दे” हे बंद करा. दुपारची खोडी, मार संध्याकाळी. मुलाच्या डोक्यात खोडी कधीच पुसलेली असते, उरतो तो फक्त बाप म्हणजे मार एवढा हिशेब. शिवाय थकून आलेल्या माणसाला तुम्ही घरात पाय ठेवताच कामाला लावता.

त्यांच्याशी मार सुरू असताना बोलू नका, सासूसमोर तर नाहीच. सकाळी, चहा झाल्यावर. “तुम्ही चुकता” असं न म्हणता दोनच गोष्टी मागा: तुराटी घरात ठेवायची नाही, आणि डोक्यात-तोंडावर हात जाणार नाही. त्यांनी मार खाल्ला आणि काही झालं नाही, यावर वाद घालू नका. तुम्ही जिंकणार नाही. उलट रोज जेवणाआधी दहा मिनिटं मुलाला त्यांच्याकडे द्या, बैलाला चारा टाकायला, गाडी पुसायला. आठवडाभर सलग जमलं तर तो कोठ्यात लपतो का, ते त्यांनाच दिसेल.

तरी एखाद्या दिवशी हात उठलाच तर “मी मारलं, ते चुकलं” एवढंच म्हणा. पुढे ‘पण तू’ जोडू नका. अंगावर वळ उठण्याइतका मार घरात कोणाकडूनही थांबत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे. फोन तुम्हीही करू शकता.

शेवटी, ‘ऐकत नाही’ हे खरंच ऐकू न येणंही असतं. कान वाहतो का पाहा, पाठमोरा असताना हळू आवाजात नाव घेऊन बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासायला येतं. तारीख गुरुजींना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.