शेवटच्या २ मिनिटांत बास्केट खाल्ल्यावर टाइमआउट घेतला तर थ्रो-इन (बॉल कोर्टबाहेरून आत देणं) कुठून द्यायचा?

प्रश्न बास्केट खाल्लेल्या टीमने, म्हणजे जिच्यावर समोरच्यांनी बास्केट केली तिने, चौथ्या क्वार्टरला १:२० राहिलेले असताना टाइमआउट घेतल्याचा आहे, तर थ्रो-इनची जागा त्याच टीमचा कोच ठरवतो, स्वतःच्या एंडलाइनमागून किंवा फ्रंटकोर्टमधल्या (ती टीम जिथे बास्केट करते त्या अर्ध्या कोर्टातल्या) थ्रो-इन लाइनवरून, म्हणजे स्कोअरर टेबलच्या समोरच्या बाजूला जी छोटी लाइन असते तिथून. हे फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांप्रमाणे, मॅच मीही त्यावरच चालवतो. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, मात्र जागेप्रमाणे बदलतो, मागून घेतला तर २४, फ्रंटकोर्टमधून घेतला तर १४ सेकंद, आणि टेबलवर गोंधळ होतो तो नेमका इथेच, म्हणून टाइमआउट संपला की कोचला स्पष्ट विचारा, हाताने जागा दाखवा आणि शॉट क्लॉकवाल्याकडे बघून आकडा बरोबर लागलाय ना ते तपासूनच बॉल द्या. कोचने एकदा सांगितलं की सांगितलं, नंतर समोरच्याचा डिफेन्स बघून बदलू देऊ नका. आणखी एक, एंडलाइनमागून घेतला तर टाइमआउटनंतरसुद्धा खेळाडू लाइनमागे पळू शकतो, सहकाऱ्याला मागच्या मागे पासही देऊ शकतो, ५ सेकंद तेवढे मोजत राहा, याला व्हायोलेशन (नियमभंग) देणं हा त्या टीमवर सरळ अन्याय आहे.

फक्त बास्केट न होता बॉल बाहेर गेला असेल तर हिशोब वेगळा: फ्रंटकोर्ट निवडल्यावर शॉट क्लॉकवर १४ किंवा जास्त असतील तर १४ करायचे, १३ किंवा कमी असतील तर आहेत तेवढेच ठेवायचे.