साभार पोच

जळगाव

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सहावा अंक दोन्ही मिळाले. आधी अंक वाचला, मग पत्र. चोपड्यात बसून दीड वर्ष नुसत्या पुस्तक-परीक्षणांचं त्रैमासिक काढायचं, वर्गणीदारांच्या मागे लागायचं, टपालाचा खर्च खिशातून भरायचा, हे सोपं नाही. तू ते करते आहेस याचा मला फार अभिमान वाटतो.

आता तुला सुरू करायच्या पुरस्काराचं. जिनिंगवाले काका त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी ५१,००० रुपये द्यायला तयार आहेत आणि येत्या अंकात तुला ‘पुस्तके पाठवण्याचे आवाहन’ छापायचं आहे. आधाराला तू अमेरिकेतल्या कर्कस पुरस्काराचा दाखला दिलास. परीक्षणं छापणारं नियतकालिक तिथे पुरस्कार देतं, मग आपण का नाही, असं विचारलंस. देऊ की. पण त्यांच्या गोष्टीचा शेवट तेवढा तू वाचलास. सुरुवात मी सांगतो.

व्हर्जिनिया कर्कस न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनात बालपुस्तकांचा विभाग सांभाळत होत्या. महामंदीत तो विभागच बंद झाला. १९३३ साली त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. प्रकाशकांकडून छपाईआधीची मुद्रितं मागवायची, वाचायची आणि कोणतं पुस्तक कसं आहे ते पुस्तकविक्रेत्यांना पत्रकातून कळवायचं. दुकानदाराला माल भरण्याआधी खरं सांगणारं कोणीतरी हवं होतं, ती गरज त्यांनी भागवली. पुढे ग्रंथालयंही त्या परीक्षणांवरून खरेदी करू लागली. मालक बदलत गेले. २००९ च्या अखेरीस तर नियतकालिक बंद करत असल्याचं मालकांनी जाहीरच केलं होतं. २०१० मध्ये नवा मालक मिळाला म्हणून ते वाचलं. आणि पुरस्कार आला २०१४ मध्ये. १९३३ ते २०१४, एक्याऐंशी वर्षं! तोवर नुसतं वाचन आणि परीक्षण.

तुला एक्याऐंशी वर्षं थांब असं म्हणत नाही मी. पण तो पुरस्कार चालतो कसा, ते बघ. तिथे वेगळी प्रवेशिका भरावी लागत नाही. परीक्षकाला एखादं पुस्तक विशेष वाटलं तर परीक्षणावर तारा छापतात, आणि त्या वर्षी तारा मिळालेली पुस्तकंच पुरस्काराच्या विचारात येतात. ललित, ललितेतर आणि बालकुमार असे तीन विभाग, प्रत्येकात सहा पुस्तकं अंतिम यादीत, प्रत्येक विजेत्याला ५०,००० डॉलर. रक्कम मोठी आहेच, पण मला मोल वाटतं ते ताऱ्याचं. पुरस्काराची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी ते पुस्तक वाचून, दोन शब्द लिहून, त्यावर खूण केलेली असते.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आधी आवाहन, मग पार्सलं, मग समितीची धावपळ. मी हे बाहेरून बोलत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुरस्काराच्या निवड समितीवर मी होतो. निकालाला पंधरा दिवस उरले असताना सुतळीने बांधलेले चार गठ्ठे घरी आले, त्रेचाळीस पुस्तकं. शाळेच्या परीक्षा सुरू होत्या. मी प्रत्येकाची पहिली वीसेक पानं चाळली, ओळखीची नावं जरा नीट वाचली आणि गुण देऊन यादी पाठवली. त्यात एक पातळ कादंबरी होती, तापीकाठच्या एका गावाची, लेखकाने स्वखर्चाने छापलेली. मुद्रणाच्या चुका त्याने प्रत्येक पानावर निळ्या पेनने हाताने दुरुस्त केल्या होत्या. काना, वेलांटी, कुठे अख्खा शब्द. मला ते गबाळं वाटलं. बाराव्या पानावर मी ती मिटली.

दोन वर्षांपूर्वी एरंडोल तालुक्यातल्या एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी प्रतवारीत सर्वांत खालच्या, वाचनालयात गेलो होतो. एकच खोली, दोन कपाटं. ग्रंथपालबाईंना सहज विचारलं, जास्त काय जातं? त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. सरळ कपाटातून तीच कादंबरी काढली. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर जागा उरली नव्हती, म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली होती, आणि तीही अर्धी भरली होती. शिवण उसवल्यावर बाईंनी स्वतः जाड दोऱ्याने शिवली होती. त्या प्रतीतही निळ्या पेनच्या दुरुस्त्या. म्हणजे त्या माणसाने प्रत्येक प्रत हाताने दुरुस्त केली होती. मी पुस्तक घरी आणलं आणि रात्री एक वाजता संपवलं. झोप आली नाही. ज्या पुस्तकाला मी बारा पानं दिली, ते खेड्यातल्या बायका-पोरांनी रांग लावून वाचलं होतं.

म्हणून आवाहन छापू नकोस.

दर अंकात तू दहा-बारा परीक्षणं छापतेस, म्हणजे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस. त्यातल्या खरंच मनात रुतलेल्या पुस्तकांवर एक खूण कर. तारा नको, आपली काहीतरी कर; कपाशीचं बोंड चालेल. वर्षाला पाच-सहा खुणा झाल्या तरी पुष्कळ, आणि एखाद्या वर्षी दोनच झाल्या तर दोनच राहू देत. समितीपुढे तीच पुस्तकं जातील. पाच पुस्तकं कोणीही प्रामाणिक माणूस शेवटपर्यंत वाचू शकतो. समितीही तिघांचीच कर. कर्कसने पहिल्या वर्षापासून लेखक, समीक्षक यांच्याबरोबर पुस्तकविक्रेते आणि ग्रंथपालही परीक्षक म्हणून बसवले. तू एरंडोलच्या त्या बाईंना बोलाव. त्या नको म्हणतील, ‘मी काय बोलणार सर तिथे’ म्हणतील. त्यांना सांग, तुम्ही फक्त चिठ्ठ्या घेऊन या.

कर्कसची एक गोष्ट मात्र उचलू नकोस. स्वखर्चाने छापणाऱ्या लेखकांकडून पैसे घेऊन परीक्षण करून देण्याची सोय तिथे आहे. परीक्षण अनुकूलच येईल असं वचन ते देत नाहीत, आणि अशा पुस्तकालाही तारा मिळू शकतो. तिथे ते चालत असेल. आपल्याकडे लेखकाचा भाऊ तुझ्या गल्लीत राहतो, मामा तुझा वर्गणीदार असतो. एकदा पैसे घेतलेस की तू केलेल्या खुणेकडे कोणी बघणार नाही.

‘साभार पोच’ या सदराचाही विचार कर. आलेल्या पुस्तकांची नावं छापून मोकळं व्हायची ती जागा. सहाव्या अंकात त्यात एकतीस नावं आहेत, मी मोजली. ही एकतीस माणसं अंक हातात आला की आधी ते पान उघडतात. पुढच्या अंकापासून त्यातली पाच तरी दर वेळी वाचायला वाटून दे. माझ्याकडे दोन पाठव.

आपली माती अशीच आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता लोकांनी ऐकली आणि संमेलनाध्यक्ष कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. असोद्याच्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखच नव्हती, त्या कुठली प्रवेशिका भरणार होत्या? त्यांच्या कविता उतरवलेली वही मुलाने अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती वाचली, म्हणून १९५२ साली त्या कविता पुस्तकात आल्या. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या.

काकांना नाही म्हणू नकोस. त्यांना भेटून सांग की पहिली दोन वर्षं हे पैसे पुस्तकं विकत घेण्यात, टपालात आणि परीक्षकांच्या मानधनात जातील, आणि वडिलांचं नाव प्रत्येक अंकावर छापलं जाईल. तिसऱ्या वर्षी पुरस्कार. शाल-श्रीफळाचा खर्च कमी करून विजेत्या पुस्तकाच्या शंभर प्रती खानदेशातल्या वाचनालयांना द्या. काकांनी ऐकलं नाही, तर मी बोलतो त्यांच्याशी.

त्या कादंबरीच्या लेखकाचा पत्ता ग्रंथपालबाईंकडून मिळाला आहे. ते हयात आहेत, आता काही लिहीत नाहीत. परीक्षण मी लिहायला घेतलं आहे. सातव्या अंकात मला तीन पानं ठेव.

तुझा,
सर

ता. क. बारा पानांचं मी परीक्षणातही लिहिलं आहे. ते कापू नकोस.